कोल्हापुरातून माल पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतले कारखानदार, शाहू मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी, इचलकरंजीचे कापडवाले आणि एक-दोन गाड्यांचे मालक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. गेल्या काही वर्षांत नियम बदलले, महामार्ग खणला गेला, जहाजांच्या वाटा फिरल्या. तरी तंट्याचं मूळ बहुतेक वेळा तेच असतं. भाडं फोनवर ठरतं आणि बाकीचं काहीच ठरत नाही. म्हणून पुढच्या बऱ्याच उत्तरांत एक आग्रह सारखा दिसेल: गाडी भरायच्या आधी कागदावर घ्या.

एकाच ठिकाणचं भाडं दर आठवड्याला वेगळं का निघतं?

कारण भाडं फक्त जाण्याचं नसतं. गाडीमालक परतीचा हिशोब आधी करतो. जिथून हमखास माल भरून येतो तिथलं भाडं नरम राहतं. गुजरातला गूळ खाली करून मोरबीच्या फरशा भरता आल्या, तर गाडी दोन्ही बाजूंनी कमावते. जिथून मोकळं यावं लागतं तिथे परतीचं डिझेल तुमच्याच भाड्यात धरलेलं असतं.

दुसरं कारण हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्यांचे गळीत सुरू झाले की आपल्या भागातल्या कितीतरी गाड्या आणि ड्रायव्हर ऊस वाहतुकीकडे वळतात. त्याच सुमारास गुळाची आवक वाढते आणि दिवाळीला परराज्यातले ड्रायव्हर गावी जातात. मार्चअखेरीला कारखान्यांची माल काढायची घाई असते. या दिवसांत आदल्या संध्याकाळी फोन करून गाडी मागितली, तर जो दर सांगितला जाईल तो द्यावा लागतो. दोन-तीन दिवस आधी सांगणाऱ्याला त्याच ऑफिसमधून कमी दरात गाडी मिळते.

आमचा सल्ला असा की दर विचारताना परतीच्या मालाचं काय, हेही विचारा. तुमच्या ओळखीच्या कुणाचा माल तिकडून कोल्हापूरला यायचा असेल तर गाठ घालून द्या. भाडं घासाघीस करून जेवढं उतरत नाही, तेवढं यातून उतरतं.

कास्टिंगने गाडी अर्धीच भरलेली दिसते. आणखी दोन टन टाकले तर?

टाकू नका. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग, वजनी माल आहे. हौद अर्धा रिकामा दिसला तरी काट्यावर गाडी भरलेली असते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने वजनाची मर्यादा मुळातच वाढवली आहे. चार टायरच्या मागच्या एका एक्सलला पूर्वी १०.२ टन चालायचे, आता ११.५ टन चालतात. मोठ्या गाड्यांची एकूण मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. म्हणजे 'सगळेच थोडं ज्यादा भरतात' ही सबब आता उरली नाही. ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर प्रत्येक ज्यादा टनामागे २,००० रुपये दंड मोटार वाहन कायद्यात आहे, आणि ज्यादा माल तिथेच उतरवून घ्यावा लागतो. रस्त्याकडेला उतरवलेल्या मालाची राखण कोण करणार? शिवाय खंबाटकी घाट उतरताना ब्रेक तापले, तर पणाला लागतो तो ड्रायव्हरचा जीव. भरताना काटा करा आणि काट्याची पावती बिल्टीला (ट्रान्सपोर्टच्या माल पावतीला) जोडा.

हमाली कुणी द्यायची?

ज्याचा माल त्याचा हमाल. कोल्हापूरच्या लॉरीवाल्यांनी ही घोषणा देऊन आंदोलन केलं आणि ती रास्तच आहे.

माल भरताना आणि उतरवताना ड्रायव्हरकडून वाराई, म्हणजे भरणी-उतरणीची हमाली, मागितली जाते. ड्रायव्हरच्या खिशात वाटखर्चापुरते पैसे असतात, ते डिझेल, टोल आणि जेवणासाठी. उतरवायच्या ठिकाणी त्याची भाषा वेगळी, गाव परकं, आणि पैसे दिल्याशिवाय गाडी खाली होत नाही. तो देतो. मग ऑफिस म्हणतं आम्हाला विचारलं नव्हतं, व्यापारी म्हणतो भाड्यात आलं. शेवटी ती रक्कम बहुतेक वेळा गाडीमालकाच्या किंवा थेट ड्रायव्हरच्या अंगावर पडते.

उपाय एका ओळीचा आहे. बिल्टीवर लिहा: 'भरणी हमाली पाठवणाऱ्याकडे, उतरणी हमाली घेणाऱ्याकडे, ड्रायव्हरकडून काही घेऊ नये.' घेणाऱ्या पार्टीला ही ओळ आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. ताडपत्री आणि रस्सा बांधण्याचं काम कुणाचं, तेही त्यातच लिहा. त्यावरूनही वाद होतात.

गाडी लागली, पण पार्टी दोन दिवस खालीच करत नाही. हॉल्टिंग मिळतं का?

हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याची भरपाई, आधी लिहिलं असेल तर मिळतं. गाडी लागल्यापासून किती तास मोफत आणि त्यानंतर दिवसाला किती रुपये, हे बिल्टीवर हवं. ड्रायव्हरने गेटवर पोहोचताच गेट एंट्रीचा फोटो वेळेसकट पाठवायचा. तोंडी हॉल्टिंग वसूल करणं फार अवघड जातं.

ई-वे बिल कधी लागतं, आणि किती दिवस चालतं?

ई-वे बिल म्हणजे माल हलवण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद. परराज्यात माल जात असेल तर ५०,००० रुपयांच्या वर लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाख रुपयांची आहे. कागल ओलांडलं की कर्नाटक, त्यामुळे निपाणीला जाणारा माल परराज्याचाच धरायचा, अंतर कितीही कमी असो. जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, परराज्यात जाणाऱ्या मालाला किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागतं, हे फाउंड्री आणि मशिन शॉपवाल्यांनी विसरू नये. बेळगावला मशिनिंगला पाठवलेलं कास्टिंगही त्यात आलं. इचलकरंजीकरांना मात्र एक सवलत आहे: राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरच्या आत जॉबवर्कला जाणारं सूत, कापड आणि कपडे यांना ते लागत नाही.

मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. आपल्याकडून न्हावा शेवा बंदर साधारण चारशे किलोमीटर पडतं. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामात किंवा पुण्याच्या बाहेर गाडी अडकली की मुदत सहज संपत येते. मुदत संपायच्या आधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास, एवढ्याच वेळात ती वाढवता येते. रात्री दोन वाजता हे कोण करणार, ते गाडी सुटतानाच ठरवा. गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ई-वे बिलाच्या भाग बमध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलात, नवा गाडी नंबर टाकल्याशिवाय हलू नका.

१ जानेवारी २०२५ पासून १८० दिवसांहून जुन्या बिलावर ई-वे बिल निघत नाही. शेडमध्ये पडून राहिलेल्या मालाचं जुनं बिल काढून पाठवायची सवय असणाऱ्यांना हे अडतं. करपात्र माल चुकीच्या कागदावर पकडला गेला आणि मालक पुढे आला, तर कराच्या २०० टक्के दंड भरून सुटका होते.

पार्ट लोडवाल्यांसाठी, म्हणजे पूर्ण गाडीइतका माल नसणाऱ्यांसाठी, एक सोयीची गोष्ट. कारखान्यापासून ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनपर्यंत राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरच्या आत माल जात असेल, तर भाग ब भरावा लागत नाही. छोट्या हत्तीतून गोकुळ शिरगावहून गोडाऊनला जाणारा माल त्यात बसतो.

फास्टॅगचा वार्षिक पास ट्रकला चालतो का?

नाही. तो खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. टॅगमध्ये पैसे ठेवा. नोव्हेंबर २०२५ पासून चालू टॅग नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल पडतो.

भाड्यावर जीएसटी किती, आणि कुणी भरायचा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीला दोन वाटा आहेत: इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) न घेता ५ टक्के, किंवा क्रेडिट घेऊन १८ टक्के. आधीचा १२ टक्क्यांचा पर्याय गेला. ट्रान्सपोर्टरने स्वतः कर लावायचा पर्याय घेतला नसेल, तर भाडं देणारा नोंदणीकृत कारखाना किंवा व्यापारी रिव्हर्स चार्जने, म्हणजे स्वतः थेट सरकारला, ५ टक्के भरतो. वर्षाच्या सुरुवातीलाच ट्रान्सपोर्टरला त्याचा पर्याय लेखी विचारा. नाहीतर एकाच भाड्यावर दोघंही कर भरतात, किंवा कुणीच भरत नाही आणि नोटीस तुम्हाला येते.

माल भिजला, फुटला, गहाळ झाला. ट्रान्सपोर्टवाला पूर्ण किंमत देईल का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे कळायला उशीर होतो म्हणून इथे थोडं सविस्तर.

रस्ते वाहतुकीचा कायदा २००७ चा, तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याच्या नियमांप्रमाणे ज्यादा जोखमीचा दर देऊन मालाची किंमत आधी जाहीर केली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. भाडं ४०,००० असेल आणि माल १५ लाखांचा असेल तर मर्यादा ४ लाख. वरचे ११ लाख तुमचे गेले. दाव्याची नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, हेही अनेकांना माहीत नसतं.

'गाडीचा विमा आहे' या वाक्यावर विसंबू नका. तो गाडीचा असतो. मालाचा ट्रान्झिट विमा वेगळा, आणि नियमित माल पाठवणाऱ्याने वर्षाची ओपन पॉलिसी घेतलेली परवडते. घेताना क्लॉज कोणता ते वाचा. 'बी' क्लॉजमध्ये आग, टक्कर, गाडी उलटणे असे ठरावीक धोकेच येतात, चोरी येत नाही. चोरी आणि भिजणं धरायचं असेल तर 'ए' घ्या.

गुळाचं उदाहरण बघा. दहा आणि तीस किलोचे रवे, म्हणजे ढेपा. ताडपत्री वरून नवी दिसते, पण मागच्या कोपऱ्यात दुमडीवर चिरलेली असते. तिथून आत आलेलं पावसाचं पाणी खालच्या थरात उतरतं. वरचे रवे कोरडे, खालचे पाझरलेले, आणि हे उतरवताना दिसतं. म्हणून भरायच्या आधी ताडपत्री जमिनीवर अंथरून उजेडाकडे धरून पाहा, हौदाच्या फळीत खिळे वर आलेत का बघा, खाली प्लास्टिक टाका. उतरवताना काही खराब निघालं तर घेणाऱ्याने पोच पावतीवर तिथल्या तिथे शेरा लिहायला हवा: 'इतके रवे ओले मिळाले', सोबत फोटो. कोरी सही केलेल्या पोचीवर विमा कंपनीकडे दावा उभा राहत नाही.

अ‍ॅपवरून किंवा अनोळखी दलालाकडून गाडी घेणं धोक्याचं आहे का?

अ‍ॅपमुळे छोट्या गाडीमालकाला परतीचा माल मिळू लागला आणि मधल्या दोन-तीन दलाल्या वाचल्या. हे चांगलंच झालं. पण फसवणूकही याच वाटेने येते. नंबर प्लेट एका गाडीची, कागद दुसरीचे, फोन तिसऱ्याचा. तांबं, अ‍ॅल्युमिनियम, साखर, सूत असा लगेच विकता येणारा माल त्यांच्या नजरेत असतो.

गाडी गेटवर आली की हे करा. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून गाडीचा प्रकार आणि मालकाचं नाव जुळतं का पाहा. आरसीवरचे चेसीचे शेवटचे पाच आकडे गाडीवर कोरलेल्या आकड्यांशी स्वतः वाकून ताडून बघा. ड्रायव्हरचं लायसन्स बघा, त्याचा गाडीसमोर उभा असलेला फोटो घ्या. मालकाचा नंबर दलालाकडून न घेता दुसऱ्या वाटेने मिळवून त्याच्याशी बोला. फास्टॅग कुठल्या नाक्यावर कधी वाजला, हे मालकाला विचारलं तर खरा मालक लगेच सांगतो.

बाजारभावापेक्षा बरंच कमी भाडं, पूर्ण अ‍ॅडव्हान्सची घाई आणि संध्याकाळी उशिरा आलेली गाडी, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर माल भरू नका. गेलेला दिवस भरून काढता येतो.

युरोपचा माल पोहोचायला अजून इतका वेळ का लागतो?

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हुती बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालणारी वाट धरली. त्याने प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला. जहाज जास्त दिवस समुद्रात म्हणजे रिकामे कंटेनर परत यायला उशीर, म्हणून भाडंही चढलं. सुएझमार्गे परतायची चर्चा अधूनमधून होत असते. त्यामुळे प्रत्येक बुकिंगला जहाज कुठल्या वाटेने जाणार, हे फॉरवर्डरला (जहाजाचं बुकिंग करून देणाऱ्याला) विचारा आणि ग्राहकाला तीच तारीख कळवा.

शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांनी एक गोष्ट आवर्जून बदलावी. पॅकिंग जुन्या प्रवासाच्या हिशोबाने करू नये. मशिनिंग झालेला पृष्ठभाग दमट कंटेनरमध्ये जादा दोन आठवडे राहिला, तर गंजाचे ठिपके पडतात आणि सगळी लॉट नाकारली जाते. गंजरोधक तेल, गंज रोखणाऱ्या व्हीसीआय पिशव्या, ओलावा शोषणाऱ्या पुड्या वाढवा. तेल लावायच्या आधी भाग पूर्ण कोरडा आहे ना, ते बघा. हातमोजे न घालता हाताळलेल्या भागावर बोटांचे ठसे गंजतात, हे पॅकिंग करणाऱ्या मावशींनाही समजावून सांगा. लाकडी पॅलेट उष्णता प्रक्रियेचा शिक्का असलेलेच वापरा.

वजनी मालाला वीस फुटी कंटेनर सोयीचा, कारण चाळीस फुटी कंटेनर जागेने भरायच्या आधी वजनाने भरतो. रिकामा कंटेनर न्हावा शेव्याहून वर येतो आणि भरून पुन्हा खाली जातो, म्हणजे दोन्ही फेऱ्यांचं भाडं तुमच्यावर. त्यासाठी परतीच्या फेरीत आयातवाल्याचा कंटेनर मिळतो का, हे जहाज कंपनीकडे विचारून पाहा. भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन कळवणं जुलै २०१६ पासून सक्तीचं आहे. त्यात चूक झाली तर बंदरात कंटेनर मागे राहतो.

युरोपचे ग्राहक कार्बनची माहिती मागतात. त्याचा वाहतुकीशी काय संबंध?

ती सीबॅमसाठी, म्हणजे युरोपीय संघाच्या आयातीवरच्या कार्बन आकारणीसाठी. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघात लोखंड-पोलादाच्या ठरावीक वस्तूंवर कार्बनचा हिशोब पक्का लागू झाला. यादी एचएस कोडवर, म्हणजे मालाच्या कस्टम वर्गीकरणाच्या क्रमांकावर, चालते. पाइप फिटिंग्जचा ७३०७ यादीत आहे, म्हणून सगळी कास्टिंग्ज आली असं नाही. तुमचा कोड सीएचएकडून (कस्टम एजंटकडून) तपासून घ्या. ग्राहकाची वर्षाची अशी आयात ५० टनांच्या आत असेल तर त्याला सूट आहे. कोडमध्ये घोळ झाला तर माल तिकडच्या बंदरात अडतो आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकून पडल्याचा आकार, चढतं. वाहतुकीशी संबंध इथे येतो.

रेल्वेने पाठवणं स्वस्त नाही का?

मोठ्या मालाला स्वस्त. बेचाळीस वॅगनच्या एका रेकमध्ये, म्हणजे एका मालगाडीत, अडीच हजार टनांच्या वर माल बसतो. एवढी साखर, खत किंवा सिमेंट एका वेळी असेल तर रेल्वेला तोड नाही. दहा-वीस टनवाल्याला ती उपयोगाची नाही, कारण दोन्ही टोकांना ट्रक लागतो आणि चढउतार दोनदा होते. पुणे-मिरज दुहेरीकरणाने गाड्यांची अडवणूक कमी होते. मिरज ते कोल्हापूर अजून एकेरी आहे, तेही दुहेरी व्हायला हवं.

पुराच्या दिवसांत काय करावं?

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज बघावी. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि बंगळूर-पुणे वाहतूक काही दिवस ठप्प झाली. दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या. ड्रायव्हरना जेवण गावातल्या लोकांनी पुरवलं.

पातळी ३९ च्या पुढे जाऊन धरणांतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की निर्यातीचा माल आधीच पुण्याकडे हलवा. न्हावा शेव्याची गेट कटऑफ तारीख, म्हणजे कंटेनर आत घेण्याची शेवटची तारीख, तुमच्या पुरासाठी थांबत नाही. आडवाटेने गाडी घालू नका. छोट्या रस्त्यांवरचे बंधारे महामार्गाच्या आधी पाण्याखाली जातात. गोडाऊन नदीकाठच्या सखल भागात असेल तर खालचे थर आधी उचला आणि मालाच्या विम्यात साठ्याचं पुराचं नुकसान धरलंय का, ते जूनच्या आधी तपासा. सांगली फाटा ते पंचगंगा पूल हा पट्टा खांबांवर उचलावा ही मागणी जुनी आहे. ती पूर्ण होईपर्यंत या जिल्ह्याचा उद्योग दर पावसाळ्यात नदीच्या भरवशावर राहणार.

कोकणात माल कुठल्या घाटाने पाठवावा?

रत्नागिरी-जयगडकडे आंबा घाट, सिंधुदुर्गकडे गगनबावड्याचा करूळ घाट. पावसाळ्यात दरडी पडतात आणि अवजड वाहनांवर बंदी येते, म्हणून निघायच्या दिवशी चौकशी करूनच गाडी सोडा.

पार्टी भाड्याचे पैसे तीन-तीन महिने देत नाही. गाडीमालकाने काय करावं?

लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करा, ती फुकट होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ पासून मुदत उलटून वर्षअखेरीलाही न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे अकाउंट्सवाले आता उद्यम क्रमांक असलेली बिलं वर ठेवतात. क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापा आणि पोच पावती वेळेत जमा करा. पोच हरवली की पैसे अडवायला त्यांना कारण मिळतं.

नवी गाडी आता घ्यावी का? इलेक्ट्रिक घ्यावी का?

सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा मोठा दिलासा. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. किंमत थोडी वाढते, पण मे महिन्यात सोलापूर रोडला दुपारी गाडी चालवणाऱ्याला विचारा ती चैन आहे का. काही जण एसीचं डिझेल ड्रायव्हरकडून कापतात. ते करू नये.

इलेक्ट्रिक ट्रकला केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून कमाल ९.६ लाख रुपयांपर्यंत मदत आहे. आज ती ठरलेल्या मार्गावर, रात्री एकाच जागी परतणाऱ्या गाडीला जमते, जसं एमआयडीसीतल्या दोन प्लांटमधली ने-आण. लक्ष्मीपुरी, मार्केट यार्ड अशा शहरातल्या फेऱ्यांना तीनचाकी इलेक्ट्रिक आत्ताच परवडते. बंगळूर-मुंबई लाइनला घ्यायची असेल तर वाटेतल्या चार्जिंगची खात्री करूनच घ्या.

कोल्हापुरात लॉजिस्टिक हब होणार म्हणतात, त्याचं काय?

राज्याच्या २०२४ च्या लॉजिस्टिक धोरणात प्रादेशिक केंद्रांमध्ये कोल्हापूर-इचलकरंजीचं नाव आहे. फाउंड्री, साखर, गूळ, कापड, हुपरीची चांदी आणि चपला असा इतका वेगवेगळा माल एका जिल्ह्यातून निघतो, त्यामुळे ते नाव योग्यच आहे. हब आखताना गोडाऊनच्या आधी ट्रक टर्मिनल बांधावं, असं आमचं ठाम मत आहे. आज परगावचा ड्रायव्हर रात्री सर्व्हिस रोडला गाडी लावतो, डिझेल चोरीच्या भीतीने केबिनमध्ये अर्धवट झोपतो आणि सकाळी पाणी शोधत फिरतो. त्याला दिवे असलेली जागा, संडास-बाथरूम, साधं जेवण आणि एक वजनकाटा द्यायला हबच्या उद्घाटनाची वाट पाहायची गरज नाही. एमआयडीसीच्या एका मोकळ्या प्लॉटवर हे या वर्षीच होऊ शकतं, आणि उद्योजकांच्या संघटनांनी त्यासाठी पुढच्या बैठकीत लेखी मागणी करावी.